थंडी लांबली, गुडघे धरले: मराठवाड्यातल्या ज्येष्ठांनी दिवस कसा काढावा

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो आणि महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते, असा आपला जुना हिशोब. सगळीच वर्षं तो पाळत नाहीत. परभणीकडे पारा ५ अंशांच्याही खाली उतरलेले हिवाळे लोकांच्या लक्षात आहेत. फेब्रुवारीत पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी ३२-३३, असा एकाच दिवसात दोन ऋतूंचा खेळ चालतो. त्यात आभाळ भरून आलं की अवकाळी, नाहीतर गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्यातली उभी ज्वारी आणि गहू झोपवला, तो तडाखा कोण विसरेल? अशा दिवसांत साठी-सत्तरीतल्या माणसांचे गुडघे धरतात, कंबर आखडते, बोटं सकाळी वळत नाहीत.

थंडीने सांधा झिजत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. गारठ्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, सांध्याभोवतीचे स्नायू ताठरतात, सांध्यातलं वंगण जरा घट्ट होतं. शिवाय माणूस वाकळीत गुडघे पोटाशी घेऊन तासन्‌तास पडून राहतो आणि उठल्याबरोबर थेट कामाला लागतो. दुखणं वाढतं ते मुख्यतः इथे. म्हणून या दिवसांत एक क्रम मोडायचा नाही: आधी ऊब, मग हलकी हालचाल, मग काम. पुढचं सगळं या क्रमावर उभं आहे.

पहाटे पांघरुणातली दहा मिनिटं

जाग आली की पांघरूण फेकू नका. आतल्या आतच सुरुवात करा. पाठीवर सरळ झोपून दोन्ही पावलं पुढे-मागे २० वेळा हलवा. मग एक टाच अंथरुणावरून घासत बुडाकडे आणा आणि परत सरळ करा. असं प्रत्येक पायाने १० वेळा. पहिले दोन-तीन फेरे कुरकुरतात, चौथ्या-पाचव्या फेऱ्याला सांधा मोकळा व्हायला लागतो. हाताच्या मुठी १० वेळा आवळा-सोडा. कंबर आखडली असेल तर दोन्ही गुडघे उभे करून हळूच डावीकडे, मग उजवीकडे झुकवा, ५-५ वेळा.

उठताना पाठीवरून थेट उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय बाजेखाली सोडा आणि हाताने रेटा देऊन बसा. मिनिटभर तसेच बसून पावलं हलवा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हा मिनिट चुकवूच नये, कारण झटकन उभं राहिलं की चक्कर येते. पहाटे लघवीला उठताना अंधारात, गार फरशीवर पडून मांडीचं हाड मोडलेली माणसं कितीतरी असतात. उशाशी बॅटरी आणि बाजेखाली मागे पट्टा असलेली चप्पल, या दोन गोष्टी रात्रीच ठेवून झोपा.

पोटरीत वांब आला तर पाय झाडू नका. गुडघा सरळ ठेवून पावलाचा चवडा हाताने आपल्याकडे ओढा आणि अर्धा मिनिट धरा. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पोटात जातं, तेही वांब येण्याचं एक कारण असतं.

शेक: किती, कशाचा, कुठे नको

शेक घरोघर घेतला जातो, पण बऱ्याच घरी चुकीचा. वाळूची पुरचुंडी उत्तम. जाडसर वाळू धुऊन, वाळवून, साधारण एक किलो घ्या. मांजरपाटाची दुहेरी कापडाची, वीतभर रुंद आणि दीड वीत लांब पिशवी शिवा. वाळू लोखंडी कढईत मंद आचेवर ५-६ मिनिटं हलवत गरम करा आणि मगच पिशवीत भरा. भरलेली पिशवी तव्यावर ठेवायची सवय सोडा. कापड करपतं आणि वाळू खालून तापून वरून गारच राहते. भरल्यावर पिशवी आपल्याच मनगटाच्या आतल्या बाजूला ५ सेकंद धरून बघा. सहन होत नसेल तर थांबा. पिशवी आणि गुडघ्याच्या मध्ये टॉवेलची एक घडी हवीच. मीठही चालतं, पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दोन-तीन वेळा वापरलं की गठ्ठे होतात.

रबरी पिशवी वापरत असाल तर उकळतं पाणी ओतू नका. उकळी आलेल्या पाण्यात तिसरा हिस्सा गार पाणी मिसळा, पिशवी दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा आणि मग बूच लावा. काठोकाठ भरलेली पिशवी गुडघ्यावर नीट बसत नाही, घसरते. रबराला बारीक भेगा दिसल्या की पिशवी बदला.

वेळ १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. त्याहून जास्त वेळ घेतल्याने जास्त गुण येत नाही. गुडघ्यावर किंवा नडगीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उमटले असतील, तर शेक किंवा शेकोटी अती होते आहे असं समजा आणि काही आठवडे तिथे उष्णता लावू नका. पिशवी लावून झोपी जाऊ नका.

मधुमेहाची जुनी तक्रार असेल आणि पायाला मुंग्या येत असतील किंवा स्पर्श कमी कळत असेल, तर त्या पायाला थेट शेक नको. चटका बसलेला कळत नाही आणि फोड येऊन जखम चिघळते. अशांनी लोकरी मोजे घालावेत, पाय पांघरुणात ठेवावेत, कोमट पाण्याने अंघोळ करावी. पाण्याचा अंदाज घरातल्या दुसऱ्या माणसाने हात घालून घ्यावा.

सांधा सुजलेला, लाल आणि हाताला गरम लागत असेल तर शेक उलटा पडतो. तिथे कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवा.

तेलाने चोळणं चांगलं. तिळाचं घ्या नाहीतर करडईचं, गुण तेलापेक्षा चोळण्यात आणि उबेत जास्त आहे. सुजलेला सांधा मात्र रगडायचा नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल तर तीही चोळू नका, आत रक्ताची गाठ असू शकते.

आणि शेगडी. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात विस्तव ठेवून झोपणं जिवावर बेततं. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, त्याला वास नाही आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. विस्तव अंगणात ठेवा. अंग तापवून घ्या आणि मग वाकळीत शिरा.

गुडघ्याचं खरं औषध मांडीत आहे

झिजलेल्या गुडघ्याचा भार मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू पेलतो. दुखतं म्हणून माणूस चालणं सोडतो, स्नायू वाळतो, भार सगळा सांध्यावर येतो आणि दुखणं आणखी वाढतं. गोळीने हे चक्र तुटत नाही, खालच्या व्यायामाने तुटतं. शेक घेऊन झाल्यावर लगेच करा, तेव्हा अंग ऐकतं.

पहिला व्यायाम टॉवेलचा. पाय पसरून बसा किंवा झोपा. टॉवेलची मुठीएवढी जाड गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा. पायाची बोटं आपल्याकडे ओढून गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा. मांडीवर हात ठेवला तर स्नायू दगडासारखा घट्ट झालेला लागला पाहिजे. तो तसा लागत नसेल तर तुम्ही टाचेने ढकलताय. दाबून मोठ्याने ‘एक ते पाच’ मोजा. मोठ्याने मोजायचं ते श्वास कोंडू नये म्हणून, कारण श्वास रोखला की रक्तदाब चढतो. १० वेळा, सकाळ-संध्याकाळ.

हा आठवडाभर जमला की दुसरा. पाठीवर झोपून एक गुडघा उभा करा. दुसरा पाय सरळ, ताठ ठेवून वीतभरच वर उचला, पाच मोजा आणि हळूहळू खाली आणा. उचलण्याइतकंच सावकाश खाली आणणं महत्त्वाचं, तिथेच ताकद येते. प्रत्येक पायाने १० वेळा. कंबर उचलली जात असेल तर पाय जास्त वर चाललाय.

तिसरा व्यायाम सगळ्यांत मोलाचा: खुर्चीवरून उठणं. खुर्ची बिनचाकी, भिंतीला टेकवलेली, साधारण १८ इंच उंच असावी. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बसताना धप्पकन बसू नका, तीन मोजत टेका. गुडघे आतल्या बाजूला एकमेकांकडे झुकू देऊ नका. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा किंवा हातांचा आधार घ्या. ५ वेळांपासून सुरू करून १०-१२ पर्यंत जा.

याच व्यायामाने आपली परीक्षाही घेता येते. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा, जवळ कुणालातरी उभं करून. ७० ते ७४ वयाच्या बाईचा आकडा १० पेक्षा आणि पुरुषाचा १२ पेक्षा कमी आला तर पडण्याचा धोका जास्त आहे असं धरतात. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि महिन्याने परत मोजा.

भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, १० वेळा, हा चौथा. तो सोपाच आहे.

दुखण्याचा नियम असा. व्यायाम करताना थोडं दुखलं, दहापैकी तीन-चार म्हणण्याइतकं, तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल, तर आकडे निम्मे करा. बंद करू नका. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडणारेच फार. वजन जास्त असेल तर तेही बघा: एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

उकिडवं बसणं कुठे कुठे टाळता येतं

आपलं निम्मं आयुष्य जमिनीवर. स्वयंपाक, जेवण, निवडणं-टिपणं, खुरपणी, शौच, सगळं उकिडवं किंवा मांडी घालून. पूर्ण मिटलेल्या गुडघ्यात वाटीमागे आणि सांध्यात दाब सगळ्यांत जास्त असतो. सवय एकदम सुटणार नाही, म्हणून जिथे वेळ जास्त जातो तिथून सुरुवात करा.

शौचालय पहिलं. देशी भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलच्या सामानाच्या दुकानात मिळते. घेताना चारही पायांना रबरी टोप्या आहेत का बघा आणि ठेवल्यावर हलवून बघा. शेजारच्या भिंतीला धरायला दांडी बसवा: सव्वा इंची पाइप, जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर, विटेत खोलवर बोल्ट मारून. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय घातक आहे, ती निखळते आणि माणूस आपटतो. न्हाणीत दगडावर उकिडवं बसून अंघोळ करण्याऐवजी उंच स्टूल घ्या. साबणाचं पाणी साचतं तिथे काथ्याने घासून शेवाळ काढा.

भाकरी ओट्यावर उभ्याने थापता येते. ओटा नसेल तर चूल किंवा शेगडी विटांवर उंच करा. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत ज्येष्ठांनी शेतात जायचंच असेल तर ऊन अंगावर आल्यावर जावं, दर अर्ध्या तासाने उठून दहा-वीस पावलं टाकावीत आणि वाकून करायचं काम तरण्यांवर सोडावं. वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे सगळं घर शिवारात जातं. कडब्याच्या कोपीपाशी आंबील आणि भज्जीची पंगत जमिनीवर बसते. घरच्यांनी गाडीत एक घडीची खुर्ची टाकावी. म्हातारीला ‘मी नाही येत’ म्हणावं लागू नये, एवढ्यासाठी तरी.

बाज सैल पडून झोळी झाली असेल तर कंबर रात्रभर वाकलेली राहते. सुंभ किंवा पट्टी ताणून घ्या, किंवा वर फळी टाकून त्यावर गादी घाला. बाजेची उंची अशी हवी की बसल्यावर पावलं पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर येणार नाहीत.

काठी उलट्या हातात

काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरणारेच जास्त दिसतात. ती विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकदमच पुढे टाकायचा. उंची मोजताना चप्पल घालून सरळ उभं राहा आणि हात सैल सोडा. मनगटाची घडी जिथे येते तिथवर मूठ हवी. शेतात जाताना घेतो तसली खांद्याएवढी काठी आधाराला उपयोगी नाही, कापून घ्या. टोकाला रबरी टोपी बसवा आणि तिच्या खालच्या रेघा झिजल्या की बदला. गुळगुळीत टोपी ओल्या फरशीवर सरकते.

पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी

ढगाळ, गार वारं सुटलेल्या दिवशी चालणं बंद पडतं आणि दोन-तीन दिवस तसेच गेले की सांधे पुन्हा आखडतात. त्या दिवशी घरातच, ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर दोन तासांनी ५ मिनिटं चाला. अंगावर एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. दुपारी ऊन पडलं की एकेक काढता येतात, घाम अंगावर वाळून परत गारठा लागत नाही. गुडघ्याला जुन्या स्वेटरची बाही कापून चढवा. ती घट्ट नको, काढल्यावर कातडीवर खोल वळ दिसता कामा नये. अवकाळीत भिजलात तर आधी पायातलं आणि अंगावरचं ओलं बदला. गारा वितळून अंगणात चिखल आणि निसरडं होतं, ते सुकेपर्यंत ज्येष्ठांनी उंबरठा ओलांडू नये.

कोवळ्या उन्हात बसणं सुखाचं असतं, ऊब मिळते. पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात. त्यासाठी ११ ते २ च्या दरम्यान २०-३० मिनिटं, हात-पाय उघडे ठेवून, डोकं झाकून बसा. चालायला सर्वांत चांगली वेळ साडेनऊनंतरची. पहाटे पाचला धुक्यात फिरायला जाण्याचा हट्ट थंडी ओसरेपर्यंत सोडा.

गोळ्या, मलम आणि पुड्या

साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. ज्येष्ठांनी दिवसात ३ ग्रॅमच्या, म्हणजे सहा गोळ्यांच्या वर जाऊ नये. वजन ५० किलोंच्या खाली असेल, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच जोडगोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, म्हणून पट्टीच्या मागचं नाव वाचून बेरीज करा.

डायक्लोफिनॅक, ॲसेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या गुण लवकर देतात, पण वयस्कांच्या पोटात अल्सर करतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर दुकानातून परस्पर घेऊ नका. त्यापेक्षा डायक्लोफिनॅकचं जेल लावा, ते रक्तात फार थोडं उतरतं. तेही एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागतं, दिवसातून तीनदा. मटाराच्या दाण्याएवढं लावून ‘गुण नाही’ म्हणणारे बरेच. लावल्यावर लगेच शेक घेऊ नका, जखमेवर लावू नका.

बाजारात, बसस्टँडवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून जपा. एका पुडीत गुडघे मोकळे झाले तर तिच्यात बहुधा स्टेरॉइड आहे. महिनोन्‌महिने घेतल्यावर चेहरा गोल सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण फार दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड थांबलेलं असतं, अचानक तोडल्याने माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि हळूहळू कमी करा.

‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडीही मोजूनच. डॉक्टर ती ठरावीक आठवडे देतात. वर्षभर दर आठवड्याला घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ आणि मुतखडा होतो.

ताटात, आणि पाण्यात

भाकरी, डाळ, दूध, तीळ-जवसाची चटणी हे आपलं ताट सांध्यांना पुरेसं आहे. म्हातारपणी डाळ-दूध कमी होतं, तिथे घोळ होतो. ६० किलोंच्या माणसाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. अंड्यात ६ आणि कपभर दुधात ६-७ ग्रॅम मिळतात. वात धरेल म्हणून ताक-दही सोडायची गरज नाही. ज्याला ते खाऊन त्रास होतो त्याने सोडावं.

नांदेड जिल्ह्यात, किनवट भागासह, काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आहे. गावातल्या बऱ्याच जणांची पाठ, मान ताठ झालेली, कमी वयात गुडघे धरलेले आणि पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, असं चित्र असेल तर दुखणं वयाचं नसून बोअरच्या पाण्याचं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते दाट होतं. ग्रामपंचायतीमार्फत बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या.

हे दिसलं तर घरी बसू नका

सांधा एकाएकी सुजून लाल, गरम झाला आणि सोबत ताप आहे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही किंवा एक पाय आखूड, बाहेर वळलेला दिसतो. अशा वेळी चोळणाऱ्याकडे नेऊ नका, पाय न हलवता थेट दवाखान्यात न्या. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते आणि वजनही उतरतंय, तर आठवड्याच्या आत. सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाच्या वर टिकतो आणि दोन्ही हातांची बोटं सुजतात, तर तो आमवात असू शकतो, त्याचं औषध वेगळं आहे आणि लवकर सुरू करावं लागतं. ताप येऊन गेल्यावर सगळेच सांधे धरले असतील तर चिकुनगुन्याची तपासणी सांगा.

जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, मलमं आणि असतील त्या पुड्या एका पिशवीत घालून न्या, आणि कॅलेंडरवरचा खुर्चीचा आकडाही सांगा.